कोचीन कोंबडी, तिचे पिसांचे पाय आणि कोकणातला पाऊस

जुलैत रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मी पडवीत पाटावर बसते, मांडीवर गोणपाट पसरते आणि एकेक कोंबडी उचलून तिचे पाय बघते. अकरा कोंबड्या, बावीस पाय. अर्धा तास सहज जातो. गावठी कोंबडीला यातलं काही लागत नाही. पण माझ्याकडे आहेत त्या कोचीन, आणि कोचीनच्या पायाच्या नळीपासून बोटांच्या टोकापर्यंत पिसं असतात. पहिली जोडी आणली तेव्हा सासूबाई उंबऱ्यातच थबकल्या. म्हणाल्या, "अगो, हिने पायात लेंगा घातलान् की काय!"

आमचं घर देवरुखच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याला. रत्नागिरी जिल्ह्याचा सरासरी पाऊसच तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि माती लाल, चिकट. अशा ठिकाणी पायाला पिसं असलेली कोंबडी पाळू नये, असं मला चौघांनी सांगितलं होतं. आठ वर्षं मी ती पाळते आहे आणि माझ्या कोंबड्या ठणठणीत आहेत. त्यासाठी काय करावं लागतं ते इथे सांगते. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की ठेवा: कोचीनचं खाणं-पिणं बाकीच्या कोंबड्यांसारखंच असतं, पण तिचा जीव पायात असतो. पाय कोरडे राहिले तर निम्मे आजार दाराबाहेर राहतात.

नावावरून ही कोंबडी केरळातल्या कोचीची वाटते. तशी ती नाही. ती चीनची. 1840 नंतरच्या काही वर्षांत चीनमधून इंग्लंडला गेली, राणी व्हिक्टोरियाकडेही पोचली आणि तिला बघायला लोकांची झुंबड उडाली. तेव्हा तिला कोणी शांघाय म्हणत, कोणी कोचीन-चायना. अमेरिकेत 1874 साली कोंबड्यांच्या जातींची प्रमाणं छापली गेली, त्यात कोचीन होती. त्या प्रमाणाप्रमाणे मोठ्या जातीचा कोंबडा पाच किलोचा आणि कोंबडी चार किलोला जरा कमी. अंगावरच्या मऊ पिसांमुळे ती दिसते मात्र याच्या दीडपट. लहान जात, म्हणजे बँटम, किलोच्या आतबाहेर असते. शहरात गच्चीवर पाळायची तर बँटम घ्या. पायांचे नियम दोघींना सारखेच.

घेताना काय बघायचं

माझी पहिली जोडी मी फोटो बघून घेतली होती. विकणाऱ्याने "अस्सल" म्हणून पाठवलेला कोंबडा घरी येऊन सहा महिन्यांचा झाला, तेव्हा कळलं की त्याच्या पायावर फक्त बाहेरच्या बाजूला विरळ पिसं आहेत आणि मधलं बोट उघडंच. तो संकर होता. पिसांच्या पायाची कोंबडी साध्या पायाच्या कोंबड्याला लावली की पिल्लांच्या पायांवर पिसं येतात खरी, पण तुटपुंजी. म्हणून आता मी कोंबडी उलटी धरून आधी मधलं बोट बघते. चांगल्या कोचीनच्या बाहेरच्या आणि मधल्या, दोन्ही बोटांवर पिसं असतात.

ब्रह्मा जातीशीही गल्लत होते, कारण तिच्याही पायांवर पिसं असतात. तिथे तुरा बघायचा. कोचीनचा तुरा एकेरी, करवतीच्या पात्यासारखा उभा. ब्रह्माचा बसका, तीन रांगांचा. शिवाय कोचीन सगळीकडून गोल असते. पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर उशीवरून फिरवल्यासारखा वाटतो.

घेतल्या घेतल्या तिला तुमच्या इतर कोंबड्यांत सोडू नका. तीन-चार आठवडे वेगळी ठेवा. तेवढ्यात तिने काय सोबत आणलंय ते बाहेर पडतं.

खुराड्याची जमीन

बाकी सगळं नंतर, आधी जमीन. माझं खुराडं चिऱ्याच्या जोत्यावर आहे, अंगणापासून दीड फूट उंच. छप्पर पुढे तीन फूट काढलं आहे, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे आत येत नाहीत. नैऋत्येची बाजू बंद, बाकी तिन्ही बाजूंना वरच्या अर्ध्या भागात जाळी. वारा खेळला पाहिजे, पण जमिनीलगतच्या कोंबडीच्या अंगावर थेट येता कामा नये. जाळी अर्ध्या इंचाची घ्या. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस आणि धामण दोघंही येतात, आणि कोचीनला उडता येत नाही. ती दोन फूटसुद्धा धड उडत नाही. पळून जाणं तिच्या रक्तातच नाही.

आत भाताचं तूस टाकते, चार ते सहा बोटं जाड. भाताच्या गिरणीत ते मिळतं. रोज सकाळी कोंबड्या बाहेर पडल्या की दाताळ्याने वर-खाली करते. पावसाळ्यात मूठभर तूस उचलून दाबून बघायचं: हात उघडल्यावर ते भुरभुरत सुटलं तर ठीक, गोळा राहिला तर तेवढा भाग काढून टाकायचा आणि नवं घालायचं. नाकाला झोंबणारा वास आला तर उशीर झालाय असं समजा. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि पिल्लं त्याने भराभर जातात. पाण्याचं भांडं तुसावर ठेवू नका. मी खाली विटा रचून त्यावर जाळीची चौकट ठेवली आहे आणि भांडं त्या चौकटीवर. पाणी सांडलं तर विटांच्या मधून खाली जातं, पायाखाली राहत नाही.

बसायची दांडी खूप उंच नको. आठ-दहा इंच पुरते, आणि गोल बांबूपेक्षा तीन-चार इंच रुंदीची, कडा घासलेली फळी बरी. एवढं वजन उंचावरून रोज धपकन खाली आलं की तळवा दुखावतो, त्यात जखम होते आणि ती पिकते. तळव्यावर काळी खपली आणि भोवती गरम सूज दिसली तर घरी कापाकापी करू नका. डॉक्टरांना दाखवा. माझ्या निम्म्या कोंबड्या तर दांडीवर चढतच नाहीत, तुसातच बसून झोपतात. झोपू द्यावं. फक्त त्या बसतात तिथली शीट रोज सकाळी उचलायची.

अंगणात सोडण्याबद्दल एवढंच सांगेन की पावसाळ्यात लाल मातीवर सोडूच नका. मी खुराड्यापुढे दहा बाय बारा फुटांवर पत्रा घातला आणि खाली जांभ्याची खडी, तिच्यावर वाळू टाकली. पाऊस थांबून दोन-तीन तास झाले आणि गवतावरचं पाणी उतरलं की मगच बाहेर. सकाळच्या दवातसुद्धा मी सोडत नाही.

चिखलाचा गोळा

हे मी चुकून शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्याच पावसाळ्यात आबोली (तिचा रंग अगदी आबोलीच्या फुलाचा होता, म्हणून ते नाव) परड्यातून आली ती लंगडत. तिच्या मधल्या बोटाच्या पिसांना लिंबाएवढा चिखलाचा गोळा लागला होता. त्यात शीट आणि तूस मिसळून तो वाळला होता, दगडासारखा. मी तो बोटांनी फोडायला गेले. फुटेना म्हणून जरा ओढला. गोळ्याबरोबर तीन पिसं आणि नखाशेजारची कातडी निघून आली. रक्त थांबता थांबेना. ते बोट पुढे सुजलं, पिकलं, आणि ती जवळजवळ महिनाभर एका पायावर उभी होती. त्यानंतर मी एकदाही वाळलेला गोळा ओढलेला नाही.

आता अशी रीत आहे. पसरट टपात कोमट पाणी घ्यायचं, आपलं कोपर बुडवून बघायचं, सोसवेल एवढंच गरम. त्यात चमचाभर सौम्य साबण किंवा लहान मुलांचा शांपू. कोंबडीला पंखाला किंवा पायाला धरून उचलायचं नाही. एक हात छातीखाली घालायचा, तिचे दोन्ही पाय त्याच हाताच्या बोटांत अडकवायचे आणि दुसऱ्या हाताने पाठ दाबून अंगाशी धरायची. कोचीन स्वभावाने फार शांत. एकदा अंगाशी धरली की डोळे मिटते. मग तिला टपात उभी करायची, पाणी फक्त नळी बुडेल एवढं. दहा मिनिटं तशीच राहू द्यायची. गोळा आपोआप सैल होतो. मग दोन बोटांनी तो चुरडायचा, ओढायचा नाही. नेहमी पिसाच्या देठाकडून टोकाकडे. उलटा हात फिरवलात तर पिसं मोडतात.

मोडलेलं पीस लगेच नवं येत नाही, हेही लक्षात घ्या. देठ आत राहिला असेल तर पुढच्या पीसझडीपर्यंत तिथे खुंटच राहतो. पीस मुळासकट निघालं असेल तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत नवं येतं. नवं येतं तेव्हा त्याची नळी निळसर-जांभळी, भरलेली दिसते. तिच्यात रक्त असतं. ती तुटली तर रक्त वाहतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच चोच मारत बसतात. अशी कोवळी पिसं असलेली कोंबडी गर्दीत ठेवू नका आणि ती पिसं कापू तर मुळीच नका. तुटलंच तर कापसावर हळद किंवा मक्याचं पीठ घेऊन दाबून धरायचं, रक्त थांबेपर्यंत सोडायचं नाही.

धुऊन झालं की वाळवणं हे धुण्याएवढंच महत्त्वाचं. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा पायाला गुंडाळून दाबायचा, चोळायचा नाही. बोटांच्या बेचक्यात कापड घालून टिपायचं, कारण ओल तिथेच राहते. पावसाळ्यात मी केस वाळवायचं यंत्र कोमट ठेवून एक फुटावरून फिरवते. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय तुसात सोडायची नाही, नाहीतर सगळं तूस पायाला चिकटून नवा गोळा तयार.

रोजच्या पाहणीत धुवायचं नसतं, फक्त बघायचं आणि बोटांनी चाचपायचं. आठवड्यात एखाद-दुसरीलाच धुवावं लागतं. एखादीला रोज धुवावं लागत असेल तर कोंबडी नव्हे, जमीन तपासा.

खवल्यांखालचे किडे

पायावर पिसं असल्यामुळे खवल्यांखाली शिरणारे बारीक किडे लवकर दिसत नाहीत. साध्या पायावर खवले उचललेले, पांढरट खरखरीत दिसले की कळतं. कोचीनची पिसं बाजूला सारून बघावं लागतं. आमच्याकडे जुनी माणसं अशा वेळी कोंबडीचे पाय रॉकेलात बुडवत. तसं करू नका. कातडी भाजते आणि पिसं गळतात. कोमट साबणपाण्यात पाय भिजवायचे, मऊ दातघासणीने खवल्यांवरून हलक्या हाताने घासायचं, वाळवायचं आणि मग खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन बोटाने पिसांच्या मधून थेट खवल्यांवर लावायचं. त्याने किडे गुदमरून मरतात. पिसांना तेल लागू देऊ नका, तेलकट पीस धूळ ओढतं. चार-पाच दिवसांनी पुन्हा, असं तीन-चार आठवडे. एकीला झालं तर सगळ्यांना लावायचं आणि दांड्याही घासून काढायच्या. एवढ्याने उतरलं नाही तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन औषधाचं प्रमाण विचारून घ्या, दुसऱ्याचं ऐकून अंदाजाने देऊ नका.

उवा आणि गोचिडांसाठी गुदाभोवतालची दाट पिसं दर पंधरा दिवसांनी रात्री बॅटरी लावून बघा. पिसाच्या बुंध्याला साखरेच्या कणांसारखे पांढरे पुंजके दिसले तर ती उवांची अंडी. याला सगळ्यात मोठा आधार धुळीच्या आंघोळीचा. जुन्या टायरमध्ये मी सुकी वाळू, सुकी माती आणि चुलीची चाळलेली राख भरते आणि तो टायर पत्र्याखाली ठेवते. राख ओली झाली की चरचरते, म्हणून पावसाळ्यात आठवड्याला बदलायची.

नखंही बघत जा. मऊ तुसावर राहणाऱ्या कोंबडीची नखं झिजत नाहीत, वळतात. टोकाचा पारदर्शक भाग तेवढा कापायचा. आत गुलाबी दिसतं ते सोडून द्यायचं.

खाणं, आणि सुकटीचा मोह

कोचीन हालचाल कमी करते आणि लवकर चरबी धरते. माझ्या मोठ्या कोंबडीला दिवसाला 120 ते 130 ग्रॅम खाद्य पुरतं. अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य हा मुख्य भाग, सोबत थोडी कणी, नाचणी, शेवग्याचा पाला. भात आणि पोळीचे तुकडे रोज घालायचे नाहीत. चुन्यासाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवते. जिला हव्यात ती खाते.

भाद्रपद-आश्विनात माझ्या कोंबड्या पिसं टाकतात. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, तेव्हा त्या दिवसांत प्रथिनं वाढवायला हवीत. कोकणात सुकट हाताशी असते, पण बाजारातली खारवलेली सुकट तशीच घालू नका. मीठ कोंबडीला बाधतं. बिनमिठाची मिळाली तर उत्तम, नाहीतर दोन पाण्यांत भिजवून, पिळून, वाळवून, चिमूटभर. शेंगदाण्याची पेंड वापरत असाल तर पावसाळ्यात वास घेऊन बघा. बुरशी आलेली पेंड यकृत खराब करते. शंका आली तर टाकून द्या.

अंडी वर्षाला दीडशेच्या आसपास, तपकिरी, मध्यम आकाराची. अंड्यांच्या हिशेबाने ही कोंबडी कोणी घेऊ नये.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये सगळे सांगतात की कोंबड्यांना परातीत पाणी ठेवा, त्या पाय बुडवून उभ्या राहतील. साध्या पायाच्या कोंबड्यांना तो सल्ला बरोबर आहे. कोंबडीला घाम येत नाही. ती तोंड उघडून धापा टाकते आणि तुरा, चोचीखालची लोंबती लाल कातडी, पाय यांतून उष्णता सोडते. पण कोचीनचे पाय झाकलेले आणि आमची हवा दमट, त्यामुळे बुडवलेले पाय संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात. मी त्याऐवजी मातीच्या भांड्यांत पाणी ठेवते, दुपारी दोनदा बदलते, पत्र्यावर नारळाची झापं टाकते आणि खाद्य सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर देते. भर दुपारी पोट भरलं की अंग आणखी तापतं. पंख पसरून, मान खाली टाकून बसलेली कोंबडी दिसली तर लगेच सावलीत वाऱ्यापुढे न्यायची आणि चोचीला पाणी लावायचं.

लसींचं थोडक्यात सांगते. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकून, आणि आठव्या आठवड्यात पुन्हा टोचून. देवीची लस पावसाच्या आधी, कारण देवी डासांमधून पसरते. वेळापत्रक दवाखान्यातून लिहून आणा आणि खुराड्याच्या दाराला लावा.

खुडूक बसली की

कोचीन वर्षातून अनेकदा खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, आणि उठायचं नाव घेत नाही. पिल्लं काढायची असतील तर हिच्यासारखी आई नाही. आमच्या वाडीत कोणाची गावठी अंडी असली तरी ती माझ्याकडे येतात. पाटीत तूस घालून जमिनीवरच ठेवते, मोठ्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी. एकविसाव्या दिवशी पिल्लं. रोज एकदा तिला उचलून खायला-प्यायला आणि शीट टाकायला बाहेर काढावं लागतं, नाहीतर ती उपाशी बसते. उचलताना आधी तिच्या पायांच्या पिसांत हात घालून बघा. अंडं तिथे अडकलेलं असतं आणि ती उठली की घरंगळून फुटतं. माझी चार अंडी अशी गेली आहेत. पिल्लं फुटायच्या दिवसांत तर पिसांत एखादं पिल्लूही अडकतं.

स्वतःची कोचीनचीच अंडी उबवायची असतील तर त्याआधी दोन-तीन आठवडे कोंबडा आणि कोंबडी दोघांच्याही गुदाभोवतालची पिसं कात्रीने आखूड करा, दोन बोटं रुंदीचा घेर. ती एवढी दाट असतात की नाहीतर बरीच अंडी रिकामीच निघतात.

पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हाच पायाला लव असते. वाळल्यावर तळहातावर घेऊन मी मधलं बोट बघते. ज्याच्या मधल्या बोटावर लव आहे त्याच्या पायात सैलसर लाल दोरा बांधते आणि त्याला पुढच्या जोडीसाठी ठेवते. दोरा दर आठवड्याला सैल करायचा, पाय भराभर जाड होतो.